मापाची वही

पान पहिलं. सन त्र्याऐंशी, वरळी, कपडेपट विभाग.
अच्युत खोबरेकर. कंबर अठ्ठावीस, छाती तेहतीस,
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
गोदीत टॅली क्लार्क आहे, म्हणाला,
खोकी मोजता मोजता एक हात लांबला.
मी हसलो नाही. तोंडात टाचण्या होत्या.

काम काय, विचारलं.
पडायचं, म्हणाला. स्टुलावरून, जिन्यावरून,
पुढच्या भागात सासऱ्याच्या अंगावर.
तुम्ही आत काहीतरी भरा.

भरलं.
कोपराला सावरीचा कापूस, गुडघ्याला सायकलच्या सीटचा स्पंज,
बुडाला काथ्या, वरून टेरिकॉट.
सगळं उजवीकडेच. तो उजवीकडेच पडायचा,
कारण डाव्या मनगटावर थोरल्या भावाचं घड्याळ
आणि ते परत द्यायचं होतं.

आईने नाव ठेवलेलं अच्युत,
म्हणजे जो आपल्या जागेवरून ढळत नाही.
आणि दर गुरुवारी साडेआठला
लोक आमटीचा गॅस बारीक करून
तो ढळायची वाट बघत.

पान चौदा. कंबर बत्तीस. लग्न.
कुंदावहिनी एकदा डबा घेऊन आल्या.
बोलल्या काहीच नाहीत.
हँगरवरची पँट घेतली आणि बाजारात वांगी दाबून बघावीत
तसा अंगठ्याने कापूस दाबून बघितला.
त्या रात्री मी आणखी दोन मुठी भरल्या.

मग चॅनेलं आली. गोरेगाव, मढ, परत गोरेगाव.
एका दिवसात तीन ठिकाणी पडायचा,
तिन्हीकडे वेगळ्या नावाने.
एक पोरगेला दिग्दर्शक म्हणाला, पॅडिंग दिसतंय, काढा.
काढलं.
पडला, सगळे हसले,
तो उठला नाही, तेव्हा आणखी हसले.
(पान सव्वीस : उजव्या खुब्यात पट्टी. शिलाई सैल ठेवणे.)

पान तीसवर ब्लाउजचं माप आहे.
त्याबद्दल फार लिहीत नाही.
दोन हात वर करून उभा होता, पोलिसांनी धरल्यासारखा.
पुढून फार फुगवू नका, म्हणाला, घरी बघतात.
वरून निरोप होता, फुगवा.
मी फुगवलं.
माझ्याही मुलीची फी होती. तरी पण मी फुगवलं.

पान एकोणचाळीस, कंबरही एकोणचाळीस.
आता परीक्षक. चमचमता कोट, फिरती खुर्ची,
समोर नवी मुलं पडतात, हा आकडा दाखवतो.
बसून पैसे मिळतात हो, म्हणाला,
पण कोट घालताना त्याचा हात
अस्तरात कापूस शोधत होता. मी बघितलं.

शेवटचं पान परवाचं.
माझं दुकान आता प्रभादेवीला, दोन पायऱ्यांचं.
वहिनी जाऊन चार वर्षं झाली.
काठी टेकत आला, जुनी पँट बगलेत,
कमरेत घ्या म्हणाला, घसरते,
आणि दुसऱ्या पायरीवर पडला.

किल्लीवाला हसला. इस्त्रीवाल्याने टाळी दिली,
अरे, हे तेच ना, गुरुवारवाले!
एका पोराने मोबाइल काढून सांगितलं, काका, परत एकदा.
आणि तो तसाच पडल्या पडल्या
टोपी नसलेल्या डोक्याची टोपी काढून
सगळ्यांना नमस्कार करत होता.

मी कात्री टाकून धावलो.
त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं :
तो डावीकडे पडला होता.
डावीकडे मी आयुष्यात कधी
चिमूटभर कापूस घातला नव्हता.

स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.
हसले का, त्याने विचारलं.
हसले.
तुम्ही?
तोंडात टाचण्या नव्हत्या. काय सांगणार.
म्हटलं, हात वर करा, माप घेतो.

कंबर एकोणतीस.
पँट खुंटीवर तयार आहे,
डाव्या अंगाला दोन बोटं सावरी भरून.
आगाऊ शंभर जमा. बाकी चाळीस.
मंगळवारी येतो म्हणाला होता.
आज शुक्रवार.